चार वाफे मेथी

थंडी आल्याचं आमच्या शिरूरला सगळ्यात आधी कळतं ते कंपनीच्या बसस्टॉपवर. कालपर्यंत नुसत्या शर्टावर उभी असलेली फर्स्ट शिफ्टची माणसं एका पहाटेत कानटोप्या घालून येतात, एकमेकांना ओळखू येईनाशी होतात आणि बस आली की हात चोळत आत शिरतात. पंचवीस वर्षं मीही त्याच स्टॉपवरून रांजणगावला गेलो. कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, असं ते काम. आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी पाचला डोळा उघडतोच. मग मफलर गुंडाळायचा, जिना उतरायचा आणि बसकडे पाठ करून सोसायटीच्या बागेत जायचं.

बाग म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या मागची पाच-सहा गुंठ्यांची मोकळी जागा. सगळ्यांनी मिळून भाजी लावायची, कुठलंही रासायनिक खत किंवा औषध वापरायचं नाही, आणि येईल ती भाजी वाटून खायची, एवढाच तिथला कायदा. गेल्या आठवड्यात मेथी बोटभर वर आली. मी सहज एक पान तोडून चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. तो कडसर वास आला आणि आप्पांची अशी आठवण आली की मी तिथंच बांधावर बसून राहिलो.

दर थंडीत हे असंच होतं. मेथी उगवते आणि मला आप्पा हवेसे वाटतात. पण यंदा बांधावर बसल्या बसल्या मी ठरवलं, आता नुसतं झुरत बसायचं नाही. दौंडला जायचं, आप्पांची माफी मागायची आणि त्यांना बागेत परत घेऊन यायचं. तीन वर्षं टाळलं ते यंदा करायचंच.

आप्पा आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचे, थोरल्या मुलाकडे. मूळचे वडगाव रासाईचे, भीमेच्या काठचे. सगळी हयात ऊस, कांदा आणि गव्हात गेली. मग बायको गेली, गुडघे गेले आणि थोरल्यानं ‘आता बास झालं’ म्हणून त्यांना घोडनदीला आणलं. खेड्यावरची जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. गावाकडं धाकटा शेती बघत होता, चांगली बघत होता. आप्पांना कशाची ददात नव्हती, फक्त पायाखाली माती नव्हती. गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते दिवसभर खालच्या मोकळ्या जागेतल्या वेड्या बाभळी बघत असायचे. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण निदान ते जमिनीतून उगवलेलं होतं.

बाग कशी सुरू झाली हे आमच्याकडे आता फार अभिमानानं सांगतात. खरं कारण माझी बायको. रिटायर झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात मी तिच्या भाकरीच्या कडा, डब्यांची मांडणी आणि गॅसची ज्योत यांत इतक्या खोटी काढल्या की एक दिवस ती म्हणाली, "अहो, मागं एवढी बाभूळ माजलीय. तिच्यात काढा की काय खोट काढायची ती!" मी चिडून कोयता घेतला आणि खाली उतरलो. दुपारपर्यंत हातभर काटे आणि कमरेत उसण. पण दुसऱ्या दिवशी आणखी चौघं आले, तिसऱ्या दिवशी बायका आल्या, आणि आठवड्यात जागा उघडी पडली. मोबाईलवर सेंद्रिय शेतीचे व्हिडिओ बघून मी तेवढ्या आठवड्यात तज्ज्ञही झालो. गेटवर स्वतःच्या हातानं बोर्ड रंगवला, ‘ही बाग पूर्णपणे रसायनमुक्त आहे.’ अजून मातीत एक दाणा पडायचा होता.

जागा उघडी पडल्यावर निम्म्या सोसायटीला ती पार्किंगला हवीशी वाटायला लागली. आमच्या चेअरमननी मधला मार्ग काढला. संक्रांतीपर्यंत काय पिकतंय ते दाखवा, मग मीटिंग घेऊ, बाग तर बाग, नाहीतर पार्किंग. मी भर मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "भोगीच्या दिवशी घरटी एक जुडी मेथी देईन." सोसायटीत साठ घरं. बोलून गेलो आणि मग खाली बसल्यावर बोटांवर आठवडे मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. आप्पा एकेक पायरी बसत-उठत खाली आले होते. त्यांनी वाकून मूठभर जमीन उचलली. मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटची खपली.

"काय इन्स्पेक्टर, काय लावनार म्हनला?"

"मेथी, आप्पा. भोगीला वाटायची."

"हितं मेथी न्हाई, बिल्डिंग उगवंल," ते म्हणाले आणि हात झटकून वर गेले.

मला वाटलं, म्हातारा टर उडवून गेला. पण तिसऱ्या दिवशी गेटपाशी ट्रॅक्टर उभा, मागं ट्रॉलीत पोयटा. वडगावहून, आप्पांच्या स्वतःच्या उसाच्या रानातून आलेली गाळाची काळी माती. अशा तीन ट्रॉल्या आल्या. तिच्यात नदीचे बारीक पांढरे शिंपले होते आणि तिला ओल्या माठासारखा वास होता. आप्पा चपला काढून त्या ढिगावर चढले आणि काठी बाजूला टाकून नुसते उभे राहिले. गुडघे दुखत असताना ते वर कसे चढले ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने हाच माझा आठवणीतला हिवाळा. आयुष्यात मी त्याआधी किंवा त्यानंतर तितका सुखी नव्हतो, असं म्हटलं तर बायको रागवेल, पण तसंच आहे. साडेपाचला अंधारात आम्ही दोघं खाली उतरायचो. आप्पांच्या अंगावर मुलाच्या कंपनीचं जर्किन आणि डोक्याला टॉवेल. कडेला आम्ही हरभऱ्याची एक पट्टी पेरली होती. पहाटे तिच्या कोवळ्या शेंड्यांवर दव पडायचं आणि ते आंबट होऊन बसायचं. आप्पा म्हणायचे, "बोट फिरव आन् चाट." रिटायर झालेला माणूस हरभऱ्यावरून बोट फिरवून चाटतोय, हे वरून कोणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं! पण ती चव जिभेवर आली की सकाळ आपलीशी वाटायची. तेवढ्यात रस्त्यावरून कंपनीची बस जायची. मी घड्याळ बघायचो आणि बसमध्ये नसल्याचा आनंद मला रोज नव्यानं व्हायचा.

आप्पांनी मला वाफसा शिकवला. पाणी दिल्यावर माती पेरायला नेमकी कधी तयार होते, ते ओळखायचं. मूठभर माती घ्यायची, दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर अजून ओल जास्त आहे. आपोआप फुटला तर उशीर झाला. बोट लावल्यावर भुसभुशीत पडला, की झाला वाफसा. मी विचारलं, "म्हणजे मॉइश्चर किती टक्के?" आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा टक्के काढले नाहीत. दारं धरायला शिकवलं, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायला. आमचा पाट म्हणजे बोअरचा पाइप, पण आप्पा फावडं घेऊन असे उभे राहायचे, जसं काही भीमाच वळवतायत. पाणी वाफ्याच्या कडेला पोचलं की आपसूक त्यांच्या तोंडून "आलं गं माय" असं निघायचं. कोणाला म्हणायचे कोणास ठाऊक.

सकाळी आठच्या सुमाराला शकूरभाई यायचे. ते बाजारात भाजीचा गाडा लावतात. बापजाद्यापासून बागवान. गाड्यावरचा उरलेला पाला, सडलेले टोमॅटो, कोबीची वरची पानं असं सगळं ते आमच्या खताच्या खड्ड्यासाठी घेऊन यायचे आणि आप्पांच्या स्टीलच्या बरणीतला चहा प्यायचे. "माझं दुकान बुडवायला निघालाय तुम्ही आन् खत बी माझंच," असं रोज म्हणायचे. बाजारात गाडा लावायला उशीर झाला तरी आमचा चहा चुकवायचे नाहीत. आमच्या गप्पा काही थोर नव्हत्या. कोणाचा ऊस कधी तुटला, कुठल्या कारखान्याचा वास आज वाऱ्यावर आला, शेपू लोकांना का आवडत नाही, असलं काहीतरी.

आणि या सगळ्यात मी घाई केली. खताचा खड्डा भरून महिनाच झाला होता. मी वरचा थर उकरून म्हटलं, "आप्पा, झालं तयार. पेरणीआधी वाफ्यात मिसळू."

आप्पांनी आत हात घातला. "कच्चं हाय. हात लाव, गरम लागतंय का? म्हंजी आजून शिजतंय. दोन म्हैनं थांब."

"व्हिडिओत तीस दिवस म्हणालेत."

"व्हिडिओवाल्याला घरटी जुडी द्यायची न्हाई."

ते खरं होतं, आणि जुडी मला द्यायची होती म्हणूनच मी ऐकलं नाही. सगळ्या वाफ्यांत ते खत मिसळलं, गेटजवळच्या चार मोठ्या वाफ्यांत तर पाट्याच्या पाट्या ओतल्या. आप्पांनी माझं बोलणं मोडलं नाही. त्यांनी मेथीचं बी मुठीनं उधळत फोकून दिलं, वरून हातानं माती ओढली आणि पाणी सोडलं. पाचव्या दिवशी मेथी वर आली. मी जिन्यातून वर-खाली करून सगळ्यांना बोलावून आणलं.

पंधराव्या दिवशी ती पिवळी पडायला लागली. गेटजवळचे चार वाफे सगळ्यात जास्त. पानं दुमडलेली, देठ दोऱ्यासारखे. मी ताक फवारलं, राख टाकली, व्हिडिओत सांगितलेलं सगळं केलं. आप्पा वाफ्याशी उकिडवे बसून पानांतून बोटं फिरवायचे आणि एवढंच म्हणायचे, "लेकरू खात न्हाई." भोगी जवळ येत होती. पार्किंगवाले सकाळी फिरायला जाताना मुद्दाम गेटपाशी थांबून आत बघायचे. आप्पाही त्यांच्याकडे बघायचे. ही जागा गेली तर मला फार तर दुसरा उद्योग शोधावा लागला असता. आप्पांना पुन्हा तिसऱ्या मजल्यावरची प्लास्टिकची खुर्ची होती. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

मी दोन दिवस केंदूरला मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो. आठवड्याभरात ते चार वाफे काळेभोर हिरवे झाले. मी फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘सेंद्रिय खताची कमाल.’ शकूरभाईंनी एक पान चुरगाळलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं आणि "झ्याक हाय" म्हणून गाडा ढकलत निघून गेले. मला तेव्हाही शंका आली नाही. बाकीचे वाफे फिकट का आणि हेच चार गडद का, एवढं साधं इन्स्पेक्टरला सुचू नये!

रविवार होता. वीस-पंचवीस जण खुरपायला आले होते, लहान-मोठे, पार्किंगवालेसुद्धा दोघं. पाण्याच्या ड्रममागं खुरपं शोधताना माझ्या हाताला एक गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी लागली. उघडली. आत पांढरे दाणे. युरिया.

मी पिशवी वर धरली आणि विचारलं, "हे कोणी आणलं?"

"म्या," आप्पा वाफ्यातूनच म्हणाले. मान वर न करता, पोराच्या हातावर गूळ ठेवल्याचं सांगावं तसं. "वाफ्याला येक येक मूठ मारली. जास्त न्हाई."

"आप्पा, अहो आपण गेटवर बोर्ड लावलाय!"

"मेथी बोर्ड वाचती व्हय?"

सगळे हसले. पार्किंगवाले जरा जास्तच हसले. आता विचार करतो तेव्हा कळतं, मला राग युरियाचा आला नव्हता, त्या हसण्याचा आला होता. पंचवीस वर्षं लोक मला घाबरत आले होते, माझ्यावर हसले नव्हते. मी वाफ्यात उतरलो आणि मेथी उपटायला लागलो. मूठ भरायची, ओढायची आणि बांधावर फेकायची. आप्पा म्हणाले, "आरं, पोर उपाशी मराया लागल्यावर काय पथ्य बघायचं का? थांब, आरं थांब." मी थांबलो नाही. चारही वाफे उपटले आणि मग सरळ उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुमच्यासारख्यांनीच या जमिनीची वाट लावली."

आप्पांनी हातातलं खुरपं मातीवर घासून पुसलं आणि बांधावर नीट ठेवलं. गुडघ्यांवर हात ठेवून उठले. काठी मी द्यायला हवी होती, ती शेजारच्या एका बाईनं दिली. जिन्यावर तो आवाज एकेक पायरी वर जात राहिला. तिसऱ्या मजल्यापर्यंत किती पायऱ्या आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

पुढं जे झालं ते मला सगळ्यात जास्त टोचतं. बाग वाचली! आणि त्याच उपटलेल्या चार वाफ्यांमुळे वाचली. भोगीला बाकीच्या वाफ्यांतली, बारीक, फिकट मेथी आम्ही घरटी अर्धी-अर्धी जुडी करून वाटली. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणत लोकांनी ती घेतली आणि तिळाच्या बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली. संक्रांतीनंतरच्या मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "ज्या माणसानं आपली स्वतःची मेथी उपटून फेकली, त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही तर कोणावर?" टाळ्या वाजल्या. हात वर झाले. पार्किंग रद्द. लोक माझ्याशी हात मिळवत होते आणि माझी नजर खिडकीतून वर जात होती. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचं दार त्या रविवारपासून बंद होतं.

दुसऱ्या दिवशी शकूरभाई आले. त्यांना मी मोठ्या तोऱ्यात मीटिंगची हकिगत सांगितली. ते ऐकत राहिले. मग वाफ्यातली माती चिमटीत घेऊन म्हणाले, "साहेब, ही माती कुठली?"

"आप्पांच्या रानातली."

"उसाच्या रानातली. हिच्यात किती वर्सांचा युरिया आसंल? ही बी उचलून फेकता का?" त्यांनी चिमूट परत वाफ्यात टाकली. चहा पिताना एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्यानं माया केली हो."

मी तेव्हाच वर जायला हवं होतं. तीन मजले तर होते. उद्या जाऊ, परवा जाऊ, थोडा राग निवू दे, असं करत राहिलो. एका सकाळी जिन्यावर काठी वाजली. माझ्या दारासमोर ती थांबली. मी दाराच्या आत उभा होतो, कडीवर हात ठेवून. आप्पा लेकीकडे दौंडला निघाल्याचं बायकोनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "चार दिवसांनी येतील," ती म्हणाली होती. काठी थोडा वेळ थांबली आणि पुन्हा वाजायला लागली. मी कडी काढली नाही. तोंड काय दाखवायचं, या विचारानं मी तोंडच लपवलं. चार दिवसांची तीन वर्षं झाली.

पुढच्या हिवाळ्यात खतात हात घातला तर गरम लागलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. मुद्दाम एका वाफ्यात ते कच्चं खत घातलं, शेजारच्यात घातलं नाही. पंधराव्या दिवशी कच्च्या खताचा वाफा पिवळा, शेजारचा हिरवा. कुजायला लागलेलं खत रोपाच्याच तोंडातलं काढून खातं. आप्पांना हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्यांदेखत मी पिशवी वर धरली तेव्हा ‘इन्स्पेक्टर, तुझ्याच खतानं मेथी मारली’ एवढं एक वाक्य ते बोलू शकले असते. माझी बोलती बंद झाली असती. ते बोलले नाहीत. माझी खोट त्यांनी मुठीनं झाकायला बघितली आणि मी ती मूठ चारचौघांत उघडी पाडली.

आता बाग छान चालली आहे. मेथी, शेपू, घेवडा, वांगी. शेजारच्या सोसायट्यांतली माणसं बघायला येतात आणि कोणीतरी त्यांना चार वाफ्यांची गोष्ट सांगतंच. पहिल्या वर्षी मीसुद्धा सांगायचो. आप्पांचं नाव घेत नव्हतो, ‘एक जण’ म्हणायचो. आता ती गोष्ट सुरू झाली की मी पाइप बघायला म्हणून उठून जातो. सकाळी हरभऱ्यावरून अजून बोट फिरवतो. चव तीच आहे. पण ‘चाट’ म्हणणारं कोणी नाही म्हटल्यावर ती जिभेवर फार वेळ टिकत नाही.

या रविवारी मात्र गाडी काढली. पिशवीत चार वांगी आणि कोथिंबीर घेतली. न्हावऱ्यापर्यंत धुकं होतं. पुढं उसाच्या जोड-ट्रॉल्यांच्या मागं मागं, कारखान्याचा गोड-उग्र वास नाकात घेत भीमेचा पूल ओलांडला. सगळी वाट मी वाक्यं जुळवत होतो. आधी काय बोलायचं, मग काय, त्यांनी रागावून दार लावलं तर काय.

दौंडला लेकीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. जावई रेल्वेत. स्टेशनवरची अनाउन्समेंट घरात स्पष्ट ऐकू येते. लेकीनं दार उघडलं आणि आप्पा आतूनच म्हणाले, "कोन, इन्स्पेक्टर? ये, ये. केवढा वाळलास!" वाळले होते ते स्वतः. हात आता नुसते शिरांचे राहिलेत. नखं पांढरी स्वच्छ. त्या नखांत मी माती नसलेली कधी बघितली नव्हती. गॅलरीत ऊन आलं होतं. तिथं एक खुर्ची होती आणि एकही कुंडी नव्हती.

मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो. "आप्पा, चुकलो," एवढंच म्हणालो. खताचंही सांगितलं. माझंच खत कच्चं होतं, मेथी मीच मारली होती, हे त्यांच्या लेकीसमोर सांगितलं.

"ते व्हय? ते तवाच दिसत हुतं," आप्पा म्हणाले. "आन् तू बोललास ते काय खोटं न्हवतं. लावली आमी वाट. पर तवा पोतं आनून देनारं समदे हुते, नगं म्हननारं कोन बी न्हवतं." मग लगेच, "बाग ऱ्हायली न्हवं? झालं तर मग." वांगं हातात घेऊन त्यांनी देठ बघितला, काटा टोचून बघितला आणि लेकीला म्हणाले, "आज हीच कर."

मी खुर्ची पुढं ओढली. "आप्पा, चला माझ्याबरोबर. मेथी बोटभर झालीय. तुम्ही नुसते बांधावर बसा, दारं मी धरतो. भोगीला तुमच्या हातानं वाटू."

आप्पांच्या तोंडावर एकदम काहीतरी उजळलं. मी ते बघितलं, चुकीचं सांगत नाही. त्यांनी खुर्चीच्या दांडीवर हात ठेवले, आता उठतातच असं मला वाटलं. मग हात तसेच मांडीवर आले.

"यावं वाटतंय रं," ते म्हणाले. "लई वाटतंय. पर म्या वाफ्यात वाकलो, की तू माझ्या हाताकडं बघत ऱ्हाशील. तुझा दोष न्हाई. नजरच तसली हाय तुझी, तिला तू तरी काय करशील? पर मला तसं बसता यायचं न्हाई."

‘छे हो आप्पा, भलतंच काय,’ एवढंच म्हणायचं होतं मला. त्यासाठीच तर आलो होतो. आप्पाही थांबले होते. माझ्या तोंडाकडे बघत, मी काय म्हणतो याची वाट बघत चांगले थांबले होते. मी डोळ्यांपुढं बाग आणली, पहाट आणली, वाफ्यात वाकलेले आप्पा आणले, आणि स्वतःला तिथं उभं करून बघितलं. तिथंही मी त्यांच्या हाताकडंच बघत होतो.

"चहा घे," आप्पा म्हणाले. "निवतुया."